मांजरीच्या तोंडून

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मांजरांवरून भांडण झालं. तसं ते दर उन्हाळ्यात होतंच, यंदा निमित्त वेगळं होतं. बी विंगच्या मागच्या जास्वंदीत शिंपी पक्ष्याने घरटं केलं होतं. दोन पानं कडेने टाचलेली, आत कापूस. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी खिडकीतून त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आणि एरवी पार्किंगवरून एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं त्याखाली बदाम पाठवायची. मग एका सकाळी फोटो आला तो फाटलेल्या पानांचा. खाली फरशीवर चार हिरवट पिसं. पार्किंगमधल्या मांजरांना दूधपोळी घालणारे आणि त्यांच्यावर पाणी ओतणारे असे दोन पक्ष आमच्याकडे आधीपासून आहेतच; दोघांनी बाह्या सरसावल्या. त्या गदारोळात कुणीतरी एक फॉरवर्ड सोडला. न्यूझीलंडमधल्या एका बेटावर दीपगृहाच्या रखवालदाराची टिबल्स नावाची मांजर होती आणि तिने एकटीने पक्ष्यांची एक अख्खी जात खाऊन संपवली. त्याखाली सेक्रेटरींचं एकच वाक्य: ‘वाचा आणि विचार करा.’

मी वाचलं, विचारही केला. फक्त सेक्रेटरींना हवा होता तो नव्हे.

गोष्ट निव्वळ थाप असती तर सोडून देता आली असती. पण बेट खरं, दीपगृह खरं, मांजर खरी, पक्षी संपला हेही खरं. खटकत होती ती सांगण्यातली सफाई. एक बेट, एक एकटा रखवालदार, एक मांजर, एक पक्षी. शेवटी मांजर जिभल्या चाटते आणि पडदा पडतो. खऱ्या घटनांमध्ये इतकी कमी पात्रं कधी असतात का? एवढा मोठा नाश एका लहानशा जनावराच्या नावावर मांडून टाकला की माणसांना किती हायसं वाटतं, ते त्या फॉरवर्डखालच्या अंगठ्यांमध्ये स्वच्छ दिसत होतं. पाणी ओतणाऱ्यांनी अंगठे दाखवले हे समजू शकते. दूधपोळीवाल्यांनीही दाखवले. त्यांचं म्हणणं एवढंच, की आमची मांजरं तशी नाहीत.

मग मी वाचत सुटले. या गोष्टीमागचं खरं काय ते शोधायला रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राऊन या दोन न्यूझीलंडवाल्यांनी जुना पत्रव्यवहार आणि दीपगृहाचे सरकारी कागद उकरून काढले आणि २००४ साली त्यावर एक लांबलचक लेख लिहिला. त्यांनी सांगितलेली हकीकत फॉरवर्डपेक्षा मोठी आहे, गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात माणसं बरीच आहेत.

स्टीफन्स बेट कुक सामुद्रधुनीत आहे, न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये. माओरी लोक त्याला ताकापोरेवा म्हणतात. जेमतेम दीड चौरस किलोमीटरचा खडक, पण त्याच्या माथ्यावर तेव्हा दाट जंगल होतं आणि तिथे माणूस राहत नव्हता. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला दीपगृह बांधायला मजूर आले, जंगल तोडून वाट काढली, घरं उभी राहिली आणि २९ जानेवारी १८९४ला दिवा पहिल्यांदा पेटला. म्हणजे ‘एकटा रखवालदार’ इथेच बाद. तिथे रखवालदार होते, त्यांची बायकापोरं होती, गुरं होती, आणि त्यांच्या संसाराबरोबर मांजरही आलं. एक गाभण मांजरी रानात पळाली असावी, असं अभ्यासकांना वाटतं.

दीपगृहातला संसार मी लहानपणी एकदा पाहिला आहे. बाबांबरोबर रत्नागिरीच्या किल्ल्यावर गेलो होतो. वर चढताना जिन्यात तेलाचा आणि खाऱ्या दमट भिंतींचा एक मिसळलेला वास होता. वर भलंथोरलं भिंग, त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद, आणि काचेबाहेर इतका वारा की बोललेलं ऐकू येईना. पण मला जास्त लक्षात राहिलं ते खालचं. दोरीवर वाळत घातलेले परकर वाऱ्याने आडवे झालेले, आणि पायरीवर बसून बांगडे साफ करणारी एक बाई, तिच्या समोर शेपूट पायाभोवती गुंडाळून बसलेलं मांजर. बाबांनी विचारलं, “पाळलंय का वहिनी?” त्या म्हणाल्या, “पाळतंय कोण? असतंच ते.” माणूस घर मांडतो तिथे मांजर असतंच. पोत्यात धान्य असतं, धान्याला उंदीर लागतो, उंदराला मांजर. स्टीफन्स बेटावरचा विनोद असा, की तिथे उंदीर नव्हताच. आजतागायत नाही. म्हणजे ज्या कामासाठी माणूस मांजर बाळगतो ते काम तिथे मुळातच नव्हतं. बेकार मांजर काय करणार?

दिवा पेटला त्याच वर्षी, १८९४ साली, कधीतरी मांजर मेलेले पक्षी घरी आणून टाकू लागलं. मांजर पाळलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी नाही. पायपुसण्यावर काहीतरी मऊ, अजून कोमट, मान लोंबणारं. आणि शेजारी ते जनावर आपल्याकडे अशा नजरेने बघतं की रागावावं की कौतुक करावं कळत नाही. डेव्हिड लायल नावाचा सहायक रखवालदार होता, त्याला पक्ष्यांची आवड होती. दुसऱ्या कुणी ते उचलून कड्यावरून फेकलं असतं. लायलने निरखून पाहिलं. दहाएक सेंटिमीटरचा पक्षी, शेपूट जवळपास नाहीच, पंख आखूड आणि गोल, चोच शरीराच्या मानाने लांब, पाय दणकट. अंगावर पिवळसर तपकिरी पिसं, प्रत्येक पिसाला गडद काठ, त्यामुळे खवल्याखवल्यांची नक्षी दिसते. डोळ्यावरून जाणारी एक फिकट रेघ. हा पक्षी त्याने पूर्वी पाहिला नव्हता. त्यानेच काय, कुठल्याच पक्षीशास्त्रज्ञाने पाहिला नव्हता. लायलने कातडी सोलून, भरून, बोटीवरच्या एका इंजिनियरच्या हाती ती पुढे पाठवली.

या पक्ष्याचं कूळगोत समजून घ्यावं म्हणून मी बराच वेळ घालवला. त्याचं मोल फॉरवर्डमध्ये कुठेच नव्हतं. चिमणी, बुलबुल, कावळा, आपला तो शिंपी हे सगळे पक्ष्यांच्या एकाच प्रचंड गणातले. जगातल्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांच्या जाती या गणात येतात. न्यूझीलंडच्या ‘रेन’ नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांचं कूळ, ज्यातला हा पक्षी, ही त्या गणाची सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी. बाकीचे हजारो पक्षी एका बाजूला आणि हे मूठभर दुसऱ्या बाजूला, इतकं जुनं अंतर. त्यातही स्टीफन्स बेटावरचा हा रेन उडायचा नाही. या गणात उडणं सोडलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच होऊन गेल्या, बहुतेक फक्त हाडांवरून माहीत असलेल्या, आणि आज त्यातली एकही उरलेली नाही. न उडणारे पक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहामृग, कीवी असली धिप्पाड किंवा विक्षिप्त मंडळी येतात. तळहातावर मावेल असा, न उडणारा, चिमणीच्या दूरच्या भाऊबंदांतला एक पक्षी जिवंत पाहणारा पक्षीप्रेमी मिळतो तो एकच.

लायलने तो जिवंत पाहिला तो दोनदाच. कातरवेळी, खडकांच्या कपारीतून उठलेला. तो उडाला नाही, उंदरासारखा पळाला, आणि इतक्या वेगात की काठीने किंवा दगडाने मारता येईल इतक्या जवळ आपल्याला जाता आलं नाही, अशा अर्थाचं लायलने कळवलं आहे.

हे वाक्य वाचून मी थांबले. या पक्ष्याच्या जिवंतपणाचं जगात एवढंच वर्णन आहे आणि ते करणाऱ्याच्या हातात काठी आहे. लायलचा मला राग आला नाही. तेव्हा पक्षी पाहणं म्हणजे पक्षी मिळवणं. दुर्बिणीने बघून वहीत टिपण करणं ही नंतरची चैन. उलट त्या एका वाक्यात त्याची दमछाक ऐकू येते, अंधारात खडकांवरून धडपडत पळणारा माणूस दिसतो, आणि का कोण जाणे, पक्षी त्याला सापडला नाही याचा मला आनंदही होतो. पक्ष्याचं घरटं कसं होतं, अंडी कुठल्या रंगाची होती, तो बोलायचा कसा, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नाही. मांजरीला ते सगळं ठाऊक असणार. आपल्याला जे कळलं ते तिच्या तोंडून, आणि तेही मेल्यानंतरचं.

पुढची हकीकत माणसांच्या हावरेपणाची आहे आणि ती मी मिटक्या मारत वाचली, हे कबूल करायला हरकत नाही. लायलने पाठवलेला नमुना सर वॉल्टर बुलर यांच्याकडे पोचला. न्यूझीलंडच्या पक्ष्यांबाबत त्या काळी शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी लगेच ओळखलं की जात नवी आहे, आणि तिचं वर्णन करून लंडनच्या मोठ्या नियतकालिकाकडे पाठवलं. सोबत कॉयलेमन्स या नामांकित चित्रकाराकडून चित्र रंगवून घ्यायचं ठरलं. रंगीत चित्र छापायला वेळ लागतो. तेवढ्यात हेन्री ट्रॅव्हर्स नावाच्या नमुने विकणाऱ्या गृहस्थाने लायलकडून आणखी पक्षी मिळवले आणि थेट वॉल्टर रॉथशिल्ड यांना विकले. रॉथशिल्ड म्हणजे त्या प्रसिद्ध सावकार घराण्यातला सव्वीस वर्षांचा वारस, ज्याने बग्गीला झेब्रे जुंपून लंडनमध्ये फेरफटका मारला होता आणि वडिलांच्या पैशातून स्वतःचं संग्रहालय उभारलं होतं. एकाच वेळी नऊ पक्षी त्याने घेतले. १८९४च्या डिसेंबरात लंडनच्या पक्षीमंडळाच्या बैठकीत त्याने जात जाहीर करून टाकली. बुलर यांचा लेख नंतर आला, त्यांनी दिलेलं नाव बाद झालं आणि ते कायमचे दुखावले. शास्त्रीय नाव उरलं ते रॉथशिल्डने दिलेलं, ट्रॅव्हर्सिया लायली. म्हणजे विकणाऱ्याचं नाव आलं, रखवालदाराचं आलं. पकडून आणणारी मात्र राहून गेली.

हे वाचताना मला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या, संग्रहातले खण आठवत होते. एका ओळखीच्या संशोधकाने तिथे नेलं होतं. लाकडी खण ओढला की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, डोळ्यांतून पाणी काढणारा. मग रांगेने उताणे झोपलेले पक्षी दिसतात, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर झरझरीत तिरप्या अक्षरात गाव आणि तारीख. मला तिथे कसंतरीच झालं होतं आणि तरी खण बंद करवेना. त्या चिठ्ठ्यांवरच सगळं उभं असतं, आणि तिथेही माणसं खोटं बोलतात. आपला रानपिंगळाच घ्या, घुबडांतला एक छोटा पक्षी. १८८४नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना नव्हता, जगभरातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी होती, आणि नंतरचा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना रिचर्ड माइनर्टझॅगन या इंग्रज कर्नलने संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी बांधून आपल्या नावावर खपवलेला निघाला. ती लबाडी उघडकीला आणणाऱ्या पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांच्या मागावर निघाले आणि १९९७च्या नोव्हेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर भरदिवसा फांदीवर बसला होता. एकशे तेरा वर्षांनी. अशा बातम्या वाचून मन सोकावतं. स्टीफन्स बेटाचे नकाशे बघताना माझंही झालं होतं, की एखाद्या कपारीत, कुणाला न दिसता, कदाचित…

नाही. बेट फार लहान आहे आणि शोधून झालं आहे.

ट्रॅव्हर्स १८९५च्या सुरुवातीला स्वतः बेटावर पक्षी शोधायला गेला होता. त्याला काही मिळालं नाही. त्याच फेब्रुवारीत लायलने बुलर यांना कळवलं, की मांजरं रानटी झाली आहेत आणि सगळ्याच पक्ष्यांची दुर्दशा करत आहेत. मांजरं, अनेकवचनी. टिबल्सची एकटीची गोष्ट इथे संपते. मार्च १८९५मध्ये क्राइस्टचर्चच्या ‘प्रेस’ या दैनिकाने लिहिलं, की हा पक्षी बेटावर आता राहिलेला दिसत नाही आणि दुसरीकडे कुठे असल्याचं माहीत नाही. जात नष्ट करण्याच्या कामातला हा बहुधा विक्रमच म्हणायचा. पक्षी विज्ञानाला माहीत होऊन वर्षही उलटलं नव्हतं. एखाददुसरा पक्षी त्यानंतरही तग धरून असावा, कारण काही नमुन्यांच्या तारखा तसं सुचवतात, पण फार काळ नाही. जगात आज त्याचे पंधराच्या आसपास नमुने आहेत. रॉथशिल्डने पुढे पैशांच्या अडचणीत १९३२ साली आपला पक्ष्यांचा बहुतेक संग्रह न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला विकला, त्यामुळे स्टीफन्स बेटावरून उडून बाहेर न जाऊ शकलेले काही पक्षी दोन महासागर ओलांडून मॅनहॅटनमध्ये पोचले आहेत.

मांजरांनी काय केलं ते झाकायचं नाही. याच बेटावरचा पिओपिओ नावाचा सुंदर गाणारा पक्षीही त्याच काही वर्षांत गेला. दीपगृहाच्या मुख्य रखवालदाराने मांजरं मारायला सरकारकडे बंदूक-काडतुसं मागितली होती. त्याच्यानंतर १८९९ साली आलेल्या रखवालदाराने वर्षभराच्या आत शंभरावर मांजरं गोळ्या घालून मारली. शंभरावर! दीड चौरस किलोमीटरात. शेवटचं मांजर संपायला १९२५ उजाडलं. पण त्याच वर्षांमध्ये माथ्यावरचं जंगलही तोडलं जात होतं, गुरांना आणि मेंढ्यांना चरायला रान हवं म्हणून. ते तोडणाऱ्यांचं नाव फॉरवर्डमध्ये येत नाही. कुऱ्हाड पायरीवर पिसं टाकून जात नाही ना. आणि एकेका मेलेल्या पक्ष्याची किंमत मोजणारे लंडनचे सावकारपुत्र, तेही गोष्टीतून अलगद बाहेर. इथले पक्षी जाणारच, तेव्हा ते जायच्या आत आपल्या कपाटात आलेले बरे, हा त्या पिढीचा हिशेब होता. बुलर त्याच पिढीचे.

खरा धक्का मात्र पुढेच होता. न्यूझीलंडच्या मोठ्या दोन्ही बेटांवरच्या गुहांमध्ये आणि कपारींमध्ये याच पक्ष्याची हाडं सापडली आहेत. म्हणजे हा मुळात स्टीफन्स बेटाचा पक्षी नव्हताच. तो देशभर होता. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा ही सगळी जमीन जोडलेली होती आणि हा न उडणारा प्राणी चालत तिथवर गेला होता. मग पाणी चढलं आणि बेट तुटलं. तेराव्या शतकात पॉलिनेशियन लोक होड्यांतून न्यूझीलंडला आले, त्यांच्याबरोबर किओरे हा त्यांचा छोटा उंदीर आला, आणि जमिनीवर राहणारा हा पक्षी मुख्य भूमीवरून नाहीसा झाला. स्टीफन्स बेटावर उंदीर पोचला नाही म्हणून तिथला कळप वाचला. दीपगृहाच्या मांजरीने खाल्ला तो एका मोठ्या कुटुंबाचा शेवटचा, चुकून राहिलेला तुकडा. बाकीचा संसार कधीच आटोपलेला होता, आणि तेव्हा लिहून ठेवणारा कुणी नव्हता म्हणून त्याची गोष्ट झाली नाही.

त्या हाडांतली बरीचशी एका घुबडाच्या बसण्याच्या जागांखाली मिळाली. घुबड भक्ष्य गिळतं आणि हाडं-पिसांची गोळी करून ओकून टाकतं. हजारो वर्षांचं तसं ओकलेलं कपारींत साठत गेलं. त्याचं इंग्रजी नाव हसरं घुबड, ओरडण्यावरून पडलेलं. हजारो वर्षं ते या पक्ष्याला खात होतं आणि पक्षी संपला नव्हता. घुबड स्वतःच १९१४च्या सुमाराला शेवटचं पाहिलं गेलं. मला या घुबडाचं फार वाटतं. खाणं आणि संपवणं यातलं अंतर त्या ओकलेल्या हाडांच्या थरांमध्ये मोजता येतं, आणि आमच्या ग्रुपवर ते कुणाला समजावून सांगायचं धाडस माझ्यात नाही. शिंपी आणि मांजर यांचं आमच्या आवारात काय चाललंय ते वेगळं प्रकरण आहे. शिंपी अजून गल्लोगल्ली आहे, आणि त्याच्या घरट्याला लागणारी झाडं दरवर्षी कमी होताहेत ती मांजरांमुळे नव्हे. हे लिहिलं असतं तर रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला असता. म्हणून मी गप्प.

मांजरांचं माझं स्वतःचं नातं सरळ नाही. मला त्यांचं आवडतं ते हेच, की उपकार न मानता घरात राहतात. आणि मला न आवडणारंही तेच. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, हे मी पाहिलं आहे, पक्ष्याला पंजाने उलटंपालटं करत बसलेलं. तेव्हा मला त्याचा तिटकारा येतो आणि रात्री ते पायाशी येऊन झोपलं की तो राहत नाही. न्यूझीलंडमधल्या मित्राला मी हे लिहिलं तर त्याने उत्तरादाखल तिथल्या एका रानात उंदीर, स्टोट (मुंगसासारखा दिसणारा एक शिकारी प्राणी) आणि पॉसम (झाडावर राहणारा, पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी) यांच्यासाठी लावलेल्या सापळ्यांच्या रांगेचा फोटो पाठवला. २०५०पर्यंत हे तिन्ही देशातून नाहीसे करायचे असा सरकारी कार्यक्रमच आहे. फोटोतल्या सापळ्यात काहीतरी केसाळ होतं. मी फोटो मोठा करून पाहिला नाही.

दीपगृहातले शेवटचे रखवालदार १९८९ साली उतरले, दिवा आता आपोआप लागतो. बेट अभयारण्य आहे. तोडलेल्या जागी पुन्हा झाडं लावली आहेत. तिथे तुआतारा राहतात, डायनोसॉरच्या काळापासूनच्या वंशातले ते सरड्यासारखे दिसणारे आणि सरडे नसलेले प्राणी, तीस हजारांच्या वर, जगात सगळ्यात जास्त. त्यांनी मांजरांचा तो तीस वर्षांचा अंमल सोसून काढला. तिथेच माथ्याजवळच्या दगडांच्या एका ढिगात हॅमिल्टन बेडूक आहेत, फार दुर्मीळ, काही शेच. पाण्यात अंडी घालत नाहीत, ओरडत नाहीत, दगडाखाली ओलसर जागी बसून असतात. तुआतारा त्यांना खातात. दोघंही संरक्षित, दोघंही याच बेटाचे, आणि यातल्या कुणाला गोळ्या घालून प्रश्न सुटणारा नव्हता. मग तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याच्या माणसांनी दगडांच्या ढिगाभोवती तुआताराला चढता येणार नाही असं कुंपण घातलं, आणि शेजारी दगड भरून बेडकांसाठी आणखी एक जागा करून दिली. तुआताराला बाहेर खायला किडे भरपूर आहेत.